उलटी लव

"राजाची पाठ अशी अर्धी काळी का दिसतेय हो, मावशी?" नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी दिव्याखाली उभ्या नटाला गोल फिरवत विचारलं.

मावशी खुर्चीचा आधार घेत उठल्या. सकाळपासून उभं राहून कंबर धरली होती. त्यांनी झग्याच्या पाठीवरून तळवा फिरवला. डावीकडे हात अलगद खाली उतरला, उजवीकडे अडखळला. मखमलीची लव एका तुकड्याला खाली, दुसऱ्याला वर! शिवणाच्या गाळ्यातल्या उजेडात कळलं नव्हतं, रंगमंचावरच्या दिव्यांनी चहाडी केली.

झगा त्यांनीच बेतला होता. कापड जेमतेम, अंग शिणलेलं. जन्मभर लोकांचं अपुरं कापड पुरवून पुरवून हाताला जी खोड लागली होती, तिने एक तुकडा उलटा मांडून वीतभर मखमल वाचवली होती. आणि गल्लीतल्या बायकांना त्यांनीच शिवणवर्गाच्या पहिल्या दिवशी दम भरला होता, "साध्या कापडाशी काय हवं ते करा. मखमल उलटी मांडलीत, तर माझ्याशी गाठ आहे."

"प्रयोग तोंडावर आलाय, उसवायला वेळ नाही," सून कानाशी कुजबुजली. "आणि त्या बाई आल्यात."

बाई धर्मादाय संस्थेच्या. संस्थेच्या मदतीवरच गाळ्याचं भाडं सुटत होतं, यंत्रं आली होती, गल्लीतल्या बायका नाटकाचे कपडे शिवायला शिकत होत्या आणि शिकवण्याचं मानधन मावशींच्या हाती पडत होतं. ही मदत पुढे चालू ठेवायची की नाही, ते बाई आज ठरवणार होत्या.

त्यांनी झगा निरखला. "शिकाऊ हात दिसतोय. इतकं शिकूनही असं होत असेल, तर नाटकमंडळींना तयार कपडेच घेऊन दिलेले बरे, नाही का?"

"आमच्यातलं कुणी नाही हं ते..." शिकणाऱ्या बायकांतली, जिला सगळ्या भोंगा म्हणत, ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"माझ्या हातून झालं असेल," सून खाली बघत म्हणाली.

"गप गं! तू बेतलं असतंस तर झालंच नसतं." मावशी बाईंकडे वळल्या. "झगा मी बेतलाय. कापड वाचवायला गेले आणि घात झाला."

"तुम्ही? अहो, तुम्ही तर शिकवता!"

"शिकवलेलं यांच्या डोक्यात राहिलं, माझ्या हातातून निसटलं. विचारा ना त्यांना."

बाईंनी विचारायच्या आतच भोंगा म्हणाली, "सगळ्या तुकड्यांची लव एकाच बाजूला!" इतक्या जोरात, की राजा दचकला. सुनेने उरलेली मखमल पसरून, बोट फिरवून बाईंना उजेडातला फरक दाखवला. बाई बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिल्या.

"वर्ग चालू राहू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मावशी, पुढच्या वर्षी शिकवायला..." वाक्य त्यांना पुरं करवेना.

"सून आहे की."

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. मानधनही तिलाच द्या, बाई. एकाच चुलीवर शिजतं आमचं."

मास्तरांनी नटाला बजावलं, "पाठ दाखवलीस तर राज्य काढून घेईन." बिचारा नाटकभर खेकड्यासारखा आडवा चालला. लोकांना तो राजाचा रुबाब वाटला.

दुसऱ्या दिवशी गाळा उघडल्यावर मावशी नेहमीसारख्या बेतायच्या टेबलाशी गेल्या. त्याच्या गुळगुळीत झालेल्या कडेवर हात ठेवून थोड्या थांबल्या. मग खिडकीजवळच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि बटणांचा डबा त्यांनी मांडीवर ओढला. सून आली. तिने एकेक करून सुया ओवल्या, सासूच्या हाताशी असलेल्या टाचण्यांच्या गादीत टोचून ठेवल्या, आणि मगच कात्री उचलली.