काळी न झालेली सही

आमच्या चर्चच्या लग्नाच्या रजिस्टरात गेली वीस वर्षं माझं अक्षर आहे. काम फुकटचं, पण अक्षर माझं आणि शाईही माझी. आगाशीच्या बाजारातून हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, आणायचे, हिरडा कुटून आठवडाभर भिजत घालायचा, ते पाणी गाळून त्यात हिराकस विरघळवायचा, थोडा डिंक घालायचा, चार थेंब व्हिनेगर, आणि मग पुन्हा पुन्हा गाळत बसायचं. शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यामुळे घरात एवढा उद्योग करायचा मला हक्क आहे, असं मी समजतो. माझी बायको रोझलीन तसं समजत नाही. तिच्या दोन पातेल्यांना शाईचे डाग पडले आहेत आणि ती ते आल्यागेल्याला दाखवते.

ही शाई फाउंटन पेनात भरणं म्हणजे मानापानाचा पाहुणा घरी ठेवून घेणं. दोन दिवस पेन पडून राहिलं की निबेत साका धरतो. टोपण पाच मिनिटं उघडं राहिलं की टोक वाळतं. स्टीलची निब ही शाई खाऊन टाकते, म्हणून सोन्याच्या निबेचं जुनं पेन वापरावं लागतं, आणि तेही प्रत्येक वेळी काम झालं की धुवून ठेवावं लागतं. एवढं सोसायचं कारण एकच. वीस वर्षांपूर्वी चर्चच्या ऑफिसात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा साध्या निळ्या शाईच्या नोंदी धुऊन गेल्या आणि आमच्या आजोबांच्या वेळच्या काळ्या नोंदी जशाच्या तशा राहिल्या. त्या वेळच्या फादरांनी मला बोलावून विचारलं, मास्तर, ही जुनी शाई तुम्हाला करता येईल का? झालं, मी लागलो कामाला.

या शाईची आणखी एक खोड आहे. लिहिताना ती जवळजवळ दिसतच नाही. कागदावर पाणी सांडल्यासारखी फिकट राखाडी रेघ उमटते, मग हवा लागून रोज थोडी गडद होते आणि तिसऱ्या दिवशी काळी कुळकुळीत. लिहिणाऱ्याला दिसावं म्हणून विकतच्या अशा शाईत निळा रंग घालतात. मी घालत नाही. का घालत नाही? खरं सांगायचं तर सही करणारे घाबरतात आणि मला त्यांना समजावून सांगता येतं म्हणून. "आता दिसत नाही म्हणून घाबरू नका, तीन दिवसांनी बघा," हे वाक्य मी प्रत्येक लग्नात म्हणतो. जन्मभर वर्गात उभा राहिलेला माणूस आहे मी. निवृत्तीनंतर मला तेवढं एक वाक्य पुरतं.

नवे फादर ब्रायन पस्तिशीचे आहेत आणि त्यांना ही शाई आवडत नाही. जानेवारीत माझ्या पेनाने एका नवरीच्या पांढऱ्या हातमोज्यावर ठिपका टाकला. फादर मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले की सर, आणखी एकदा काही झालं तर आपण बॉलपेन घेऊ. ते शांतपणे बोलले हेच मला जास्त झोंबलं. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली, कारण मीच ती रागारागाने दहा जणांना सांगितली.

त्यानंतर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी जीनाचं लग्न झालं. जीना माझी विद्यार्थिनी. गावात स्वतःची बालवाडी चालवते, नऊ मुलांवर सुरू केली ती आता बेचाळीसवर गेली आहे. नवरा जवळच्या नंदाखाल गावचा, ॲल्रॉय. अंधेरीला कंपनीत नोकरी, बोलायला गोड, मला वाकून नमस्कार करणारा.

मिस्सा, म्हणजे लग्नाची प्रार्थना, झाल्यावर सगळे वेदीमागच्या खोलीत सह्यांना आले. पाहुण्यांची ही गर्दी, डोक्यावर पंखा गरगरतोय. ॲल्रॉयने सही केली आणि फोटोवाल्याने त्याला पेन तसंच धरून ठेवायला लावलं. एक फोटो काकांबरोबर, एक मामांबरोबर, एक नुसताच. पेन उघडं बघून माझा जीव खालीवर होत होता, पण नवऱ्याच्या हातातलं पेन ओढून कसं घेणार? शेवटी त्याने ते जीनाच्या हातात दिलं. तिने सही केली, कागदाकडे बघितलं आणि मान वर केली.

"सर, काही उमटत नाही."

"उमटेल," मी म्हणालो. "तीन दिवसांनी बघ."

सगळे हसले. जीना हसली नाही, पण नवऱ्या मुली दमलेल्या असतात. मग साक्षीदार म्हणून तिचा मामेभाऊ लेस्टर बसला आणि म्हणाला की पेन खरखरतंय. मी निब पाण्यात बुडवली, फडक्याने टिपली, शाई वाहू लागली. त्याची सही झाली, दुसऱ्या साक्षीदाराची झाली, फादरांची झाली. मी टीपकागद दाबला आणि रजिस्टर मिटलं. पेन नेमकं कधीपासून कोरडं होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही. प्रयोगवहीत अशी चूक करणाऱ्या पोराचे मी गुण कापले असते.

मंगळवारी ॲल्रॉय ऑफिसात आला. लग्नाच्या सर्टिफिकेटच्या दोन प्रती हव्या होत्या. कॅनडाचे कागद करायचेत, दोघांचे, आणि तारीख जवळ आलीय, असं तो म्हणाला. मी अभिनंदन केलं, कपाटातून रजिस्टर काढलं आणि त्याच्यासमोरच उघडलं. चार सह्या काळ्याभोर झाल्या होत्या. जीनाच्या नावापुढे काहीच नव्हतं. पान उजेडाकडे तिरकं केलं तेव्हा निबेचा ओरखडा दिसला. पूर्ण नाव होतं, वळणंसुद्धा होती, शाई तेवढी नव्हती.

ॲल्रॉय फोनमध्ये गुंतला होता. मी रजिस्टर मिटलं आणि फॉर्म संपलेत, गुरुवारी ये, असं त्याला सांगितलं. खोटं होतं. फॉर्मांचा गठ्ठा माझ्या कोपराशी होता.

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पेन भरलं. हे लपवण्यात अर्थ नाही. ओरखडा तयारच होता, त्यावरून निब फिरवायची की झालं काम. माझा हात एवढा सराईत आहे की खुद्द जीनालाही कळलं नसतं. मी निब कागदापर्यंत नेली. पण वीस वर्षं ज्या रजिस्टरात लोकांची नावं खरी राहावीत म्हणून हिरडे कुटले, त्यातच खोटी सही करायची? माझी मलाच शरम वाटली. पेन धुवून ठेवलं आणि जीनाला फोन केला. एक सही राहिलीय, दोन मिनिटांचं काम आहे, उद्या येऊन जा, एवढंच सांगितलं. ॲल्रॉयला आणि फादरांना मात्र कळवलं नाही. सही झाली की कोणाला काही कळणार नव्हतं आणि माझी शाई वाचणार होती.

बुधवारी बालवाडी सुटल्यावर ती स्कूटरवरून आली. मी सगळं मांडून ठेवलं होतं. पेन नुकतं भरलेलं, वाटीत पाणी, टीपकागद. मी तिला ओरखडा दाखवला, पंख्याला दोष दिला, फोटोवाल्याला दिला. ती ऐकून घेत होती.

"मी तेव्हाच सांगितलं होतं, सर," ती म्हणाली.

चूक झाली म्हणालो.

"नाही, तसं नाही. पेनात शाई नाही ते मला दिसत होतं. ॲल्रॉयच्या सहीला ओल होती, माझ्या सहीला नव्हती. तुम्ही उमटेल म्हणालात आणि मला बरं वाटलं. म्हटलं, राहू दे असंच."

मग तिने सांगितलं. वेदीपासून त्या खोलीपर्यंत चालत येताना ॲल्रॉयच्या आत्याने तिचा हात धरून सांगितलं होतं की तिकडे थंडी फार असते, जाड स्वेटर इथूनच ने. तिकडे म्हणजे कुठे, हे जीनाला माहीतच नव्हतं. लग्न ठरताना बोलणं झालं होतं ते नंदाखालला राहायचं आणि तिने रोज बालवाडीला यायचं. प्रत्यक्षात त्याने दोन महिन्यांपूर्वीच कॅनडासाठी अर्ज केला होता आणि त्याच्या घरात शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"मी त्याला तिथेच विचारलं, हळूच. नंतर बोलू म्हणाला. आणि हातात पेन दिलं."

"मग बोललात का नंतर?"

"तो बोलला. तिकडे पण बालवाड्या असतात म्हणाला."

मग तिने विचारलं की सही नसेल तर लग्न लागलं नाही असं होतं का. नाही, मी म्हणालो. वेदीपुढे तुम्ही दोघांनी होकार दिलात, फादरांनी आणि दोन साक्षीदारांनी तो ऐकला, लग्न लागलं. रजिस्टर ही नुसती नोंद. फक्त नोंद पुरी झाल्याशिवाय सर्टिफिकेट निघत नाही. ती हुशार आहे, पुढचं तिला सांगावं लागलं नाही. सर्टिफिकेट नाही म्हणजे कॅनडाचे तिचे कागद नाहीत.

"लग्न मला हवंय, सर," ती म्हणाली. "तो वाईट नाही. पण मला कोणी विचारलंच नाही."

आणि मग तिने पेन उचललं. द्या, करते, नाहीतर फादर तुमची शाई बंद करतील, असं ती म्हणाली. गावभर मीच करून ठेवलेल्या बातमीचा हा परिणाम. मुलगी माझी शाई वाचावी म्हणून सही करायला निघाली होती. निबेवर शाई चमकत होती, या वेळी ती नक्की उतरली असती. मला ती सही फार हवी होती, हे मी कबूल करतो. आणखी पाच सेकंद मी गप्प बसलो असतो तर मिळालीही असती.

मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"राहू दे. आधी त्याच्याशी बोल. रजिस्टर कुठे पळून जात नाही."

"आणि फादर?"

"ते मी बघतो."

ती गेल्यावर मी रजिस्टर घेऊन फादरांकडे गेलो. मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात त्यांनी तो ओरखडा बराच वेळ बघितला. पंखा, फोटो, माझं ते वाक्य, ॲल्रॉयशी खोटं बोललो तेही, सगळं मी सांगितलं. जीना घरच्या गोष्टी बोलली त्या मात्र सांगितल्या नाहीत. ती सही करायला येईल, पण तिच्या सवडीने, तिला घाई करू नका, एवढंच म्हणालो. फादरांनी माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाले. मग म्हणाले, सर, यापुढे बॉलपेन. मी हो म्हणालो. शाईची बाटली पिशवीत घालून घरी आणली तेव्हा रोझलीनने चहा टाकला. वाईट वाटलंच. रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवारी ठरल्याप्रमाणे ॲल्रॉय आला. मी त्याला बसवलं आणि फॉर्म संपले नव्हते, मी खोटं बोललो होतो, असं सरळ सांगितलं. रजिस्टर उघडून दाखवलं. त्याला उलट हायसं वाटल्यासारखं दिसलं. एवढंच ना सर, म्हणाला, तिला आत्ता फोन करतो, पाच मिनिटांत येऊन सही करेल.

"ती काल येऊन गेली," मी म्हणालो.

त्याचा अंगठा फोनवर तसाच राहिला. त्याने रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा रजिस्टरकडे. चेहरा उतरत गेला.

"येऊन गेली? मग सही?"

"नाही केली."

"का? काय बोलली ती?"

"ते तिला विचार. मला विचारू नकोस."

त्याने फोन खिशात ठेवला. दुपारच्या घंटा झाल्या. मग जातो म्हणाला आणि गेला. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. नंतर बोलू हे मीही रोझलीनला आयुष्यभर म्हणत आलो आहे.

पुढचे अकरा दिवस दोघांपैकी कोणी फिरकलं नाही. नंदाखालहून काहीबाही कानावर येत होतं. ॲल्रॉयची आत्या रुसून माहेरहून परत गेली, जीना चार दिवस आईकडे होती, मग ॲल्रॉय स्वतः येऊन बालवाडीच्या ओट्यावर मुलं सुटेपर्यंत बसला होता, असं. माझ्यामुळे पोरीचा संसार सुरू होण्याआधीच मोडतो की काय, या धास्तीने मला झोप नव्हती.

बाराव्या दिवशी दोघं एका स्कूटरवरून आले. जीना चालवत होती. मी रजिस्टर उघडलं आणि फादरांनी आणून दिलेलं बॉलपेन पुढे केलं. तिने एकदा पेनाकडे बघितलं आणि तिच्या ओरखड्यावरूनच सावकाश पूर्ण नाव लिहिलं. ते लगेच निळं उमटलं. चार काळ्या सह्यांत ती एकच निळी, पानाची शोभा गेली, पण नाव होतं. शेजारी समासात मी तारीख घातली आणि फॉर्मांचा गठ्ठा पुढे ओढला.

"सर्टिफिकेटच्या किती प्रती करू?" मी ॲल्रॉयला विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं.

"आत्ता एकही नको, सर," जीना म्हणाली. "लागेल तेव्हा मी येईन मागायला."