फडक्यावरच्या अळ्या

येलदरीच्या धरणाकाठी सरजाबाई चाळीस वर्षं मासळी वाळवून विकत होती. मासळीत अळ्या पडल्या की ती मासळीच्याच नावानं बोटं मोडायची. सडक्या मासातूनच अळी उपजते, याबद्दल तिला तीळभर शंका नव्हती.

सून रुख्मिणी जिंतूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. एकदा सहज बोलून गेली, "आत्या, अळी माशाची नसते, माशीची असते."

सरजाबाईला ते लागलं. "मी काय आंधळी हाय व्हय?"

रुख्मिणीनं वाद घातला नाही. तिनं ताज्या मासळीचे तुकडे दोन बरण्यांत टाकले. एक उघडी ठेवली, दुसरीचं झाकण घट्ट लावलं. चार दिवसांत उघड्या बरणीत अळ्या वळवळल्या. बंद बरणीत नुसती घाण, अळी एकही नाही.

तरी सरजाबाई हटेना. "आत वाराच गेला न्हाई. वाऱ्याबिगर जीव कसा धरंल?"

रुख्मिणी हरखलीच. "आत्या, साडेतीनशे वर्षांखाली इटलीतल्या एका वैद्यानं हाच प्रयोग केला. त्यालाबी हीच शंका आली. मग त्यानं बरणीला झिरझिरीत फडकं बांधलं."

"मंग बांध की!"

फडकं सरजाबाईनं स्वतःच बांधलं आणि जाळं विणत बरणीपाशी ठाण मांडलं. वास लागताच माश्या फडक्यावर घोंगावल्या. दुसऱ्या दिवशी फडक्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले, तिसऱ्या दिवशी तेच हलायला लागले. खालच्या मासळीत मात्र काही नाही.

"आगं बया! फडक्यावरच बाळंत झाल्या की ह्या!" सरजाबाई एवढी हसली की शेजारची चांगुणाबाई बघायला धावली.

त्याच आठवड्यात तिनं बारीक जाळी आणून सगळी मासळी झाकली. माल असा स्वच्छ वाळला की गिऱ्हाईकं नावाजू लागली. "आमी परयोग केला," ती ऐटीत सांगायची.

एकदा जेवताना तिनं विचारलं, "अळी माशीची, माशी अळीची. मंग पयली माशी कुठून आली गं?"

रुख्मिणीनं घास ताटात ठेवला. "माशीच्या आधी दुसरे किडे होते, त्यांच्याआधी डोळ्याला न दिसणारे जीव. पण अगदी पयला जीव कसा झाला, ते अजून कुणालाच नीट उमगलं न्हाई, आत्या. शोधायलेत."

"शोधू दे," सरजाबाई म्हणाली आणि तिनं सुनेच्या ताटात भाजलेली मासळी आणखी वाढली. "तू जेव."