एकट्याच्या हातातली वेबसाइट

नाशिक रोडच्या उजेड नेत्रसेवा मंडळात एखादी तारीख बदलायची असली, की आधी मयूर देवरे कुठे आहे याचा शोध सुरू व्हायचा. ही गोष्ट तुमच्या-आमच्या ओळखीचीच आहे. प्रत्येक कचेरीत, प्रत्येक सोसायटीत असा एक जण असतो. तो रजेवर गेला की काम अडतं आणि आलेला माणूस ‘उद्या या’ ऐकून परत जातो. मंडळात तो एक जण म्हणजे मयूर.

माणूस वाईट नव्हता. अंबडच्या एका कंपनीत संगणकाची नोकरी करायचा आणि मंडळाची वेबसाइट त्यानं निव्वळ हौसेनं उभी केली होती. सूचना, फोटो, माहिती कुणालाही साध्या टायपिंगनं चढवता यावी, अशी एक तयार प्रणाली त्यानं बसवली, तिला मराठी रूप दिलं आणि मंडळाच्या नेत्रशिबिरांची नावनोंदणी घेणारी जोडणी, म्हणजे प्लगइन, तिला लावली. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरची माणसं आता शाळेतल्या मास्तरांच्या मोबाइलवर तारीख बघून डोळे तपासायला येऊ लागली होती.

प्रणाली अनेकांनी मिळून वापरण्यासाठी बनलेली होती, पण मयूरनं तिचा पासवर्ड एकट्याजवळ ठेवला. कार्यालय सांभाळणारी पल्लवी अधूनमधून म्हणायची, सूचना बदलण्यापुरतं तरी मला लॉगिन द्या. तो हसून म्हणायचा, चुकून काही उडालं तर कोण निस्तरणार? मला पाठवा, दोन मिनिटांत करतो. आणि खरंच दोन मिनिटांत करून द्यायचा. डॉक्टर असोत की विश्वस्त, सगळ्यांना ‘मयूरला विचारा’ म्हणावं लागतं, यात त्याला एक सुख होतं. ते त्यानं कुणाजवळ कबूल केलं नसतं, स्वतःजवळही नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी तो घरच्यांना घेऊन सप्तशृंगगडावर मुक्कामाला गेला. सुट्टी म्हणजे सुट्टी, म्हणून त्यानं फोन बंद करून पिशवीत टाकला. नेमकं त्याच दुपारी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि रविवारचं शिबिर पंधरवडाभर पुढे गेलं. पल्लवी मयूरला फोन लावून लावून थकली. नाव नोंदवलेल्यांना कळवावं, तर त्यांचे नंबरही त्याच प्रणालीत, म्हणजे कुलपात. शेवटी तिनं दारावर कागद चिकटवला.

रविवारी दुपारी गड उतरून वणीत जेवायला थांबल्यावर मयूरनं फोन चालू केला. मिस्ड कॉल बघितले, पल्लवीचा मेसेज वाचला, जागच्या जागी तारीख बदलली आणि पल्लवीला सांगायला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, “सर, माणसं सकाळीच आली. बरीच परत गेली. दोघं अजून बसलेत.”

घरच्यांना घरी सोडून तो थेट मंडळात पोचला. ओट्यावर सुरगाण्याकडचे केरू आणि त्यांची बायको मालनबाई बसले होते. मालनबाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं भरलेले, नवऱ्याची बाही धरूनच त्या चालत. आदल्या संध्याकाळी पाड्यावरून निघून त्यांनी एसटी मिळते त्या गावात नातलगाकडे रात्र काढली होती, आणि आता परतीची गाडी निघून गेली होती. मंडळाच्या विश्वस्त सुवर्णाताई त्यांना चहा देत होत्या. एका दवाखान्यात हेड सिस्टर म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली.

मयूरनं आपलं नाव सांगितलं, वेबसाइट आपणच बघतो हेही सांगितलं आणि माफी मागितली. मालनबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

“मास्तरानं काल सांजच्याला बघितलं. आजचीच तारीख व्हती. मोबाइलात लिवलेलं खरं नसतं का, दादा?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्या नुसतं विचारत होत्या. केरू म्हणाले, येत्या आठवड्यात मी द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जाणार, हिलाही संगं न्यावं लागणार आणि तिथून मुकादम सोडेल का नाय, ठाऊक नाय.

दोघांची निजायची सोय सुवर्णाताईंनी आपल्या घरी केली. मग त्या मयूरजवळ येऊन बसल्या.

“वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची,” त्या म्हणाल्या. “ड्यूटी संपली की ती पुढच्या सिस्टरच्या हातात द्यायची. ती नवखी असली तरी द्यायची. तिची चूक होईल म्हणून मी किल्ली घरी नेली असती, तर पेशंटनं कुणाकडे बघायचं?”

“पण ताई, कुणी सगळंच पुसून टाकलं तर?”

“मग पुसलेलं परत आणायची सोय कर. तुला येतं ना ते? तुझ्यावाचून अडतं, याला तू सेवा समजतोस. अरे, पण अडतं कुणाचं? मालनबाईंचं!”

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून सुटल्यावर मयूर मंडळात येऊन बसला. कुणाला किती अधिकार द्यायचा, हे ठरवायची सोय प्रणालीत पहिल्यापासून होती. फक्त ती त्यानं वापरली नव्हती. सूचनांचं काम त्यानं पल्लवीकडे दिलं. मालनबाईंना तारीख बघून सांगणारे सुरगाण्याचे शिक्षक सोमनाथ गावित यांना त्यांच्या तालुक्यापुरतं लिहिता येईल असं केलं. नोंदणीचे नंबर सुवर्णाताईंनाही दिसू लागले. शिवाय त्यानं एक नवी जोडणी स्वतः लिहिली. तारीख बदलली की नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला मराठीत संदेश जायचा. आणि रोजच्या मजकुराची एक प्रत आपोआप बाजूला ठेवली जायची.

आठवडाभरातच पल्लवीच्या हातून पहिलं पान कोरं झालं. तिनं घाबरत फोन केला. ‘म्हणून सांगत होतो’ हे शब्द मयूरच्या अगदी ओठावर आले होते. ते त्यानं गिळले आणि जुनी प्रत कुठं असते ते सांगितलं. पान पल्लवीनंच परत आणलं. त्यानंतर तिच्या आवाजातली भीती गेली.

नव्या तारखेच्या आदल्या दिवशी मयूर दिंडोरीजवळच्या बागेत जाऊन मुकादमाला भेटला. मुकादम आधी कुरकुरला, मग म्हणाला, आईसारखी बाई आहे, न्या दोघांना. शिबिरात मालनबाईंच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर त्यांनी आधी केरूंकडे बघितलं आणि म्हणाल्या, “लय वाळला व्हय तुम्ही.”

जूनमध्ये सोमनाथ सरांनी आपल्या शाळेत प्राथमिक तपासणी ठेवली आणि तशी सूचना स्वतःच चढवली. मयूरला ती इतरांसारखीच वेबसाइटवर वाचून कळली. क्षणभर त्याला आपण बाजूला पडल्यासारखं वाटलं. मग त्यानं सूचना पुन्हा वाचली. एका शब्दाची वेलांटी चुकली होती, बाकी सगळं ठीक होतं. त्याला बरं वाटलं.

वाचकहो, आपल्यावाचून काम अडतं, ही मिरवायची गोष्ट नाही. अडलेल्या प्रत्येक कामापाशी कुणीतरी ताटकळत असतं, आणि बहुधा ते लांबून आलेलं असतं. आपल्याला जे येतं ते शेजारच्याला शिकवावं, त्याच्या चार चुका होऊ द्याव्यात, आणि आपण नसतानाही सगळं नीट चालेल अशी व्यवस्था लावूनच सुट्टीवर जावं.