चिमणीच्या दातांनी

मैनाने गोळीवर पदर धरला, चिमणीच्या दातांनी तिचे दोन तुकडे केले आणि त्यातला एक शेजारच्या खाटेवर पोचवला. नेमका तेव्हाच तिचा नवरा गोरक्ष डबा घेऊन दारात आला.

पोरं पेरू असा वाटून खातात, कॅन्सरची गोळी नाही.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून. हळू बोला."

दोघींचा रक्ताचा कॅन्सर एकदा बरा होऊन उलटला होता. २००३ साली नाशिकच्या या दवाखान्यात नवा प्रयोग सुरू होता: सलाइनमधल्या जुन्या औषधाला गोळीची जोड दिली तर रोग हटतो का? जोड कोणाला द्यायची ते कॉम्प्युटरने ठरवलं. मैनाला मिळाली, शेजारच्या खाटेवरच्या, पेठ गावच्या चंद्रभागेला नाही. या दोघी एका ताटात जेवतात हे त्या कॉम्प्युटरला कोण सांगणार!

"मावशींसमोर एकटीनं कशी खाऊ?" मैना म्हणाली.

गोरक्षला तिचा भयंकर राग आला. सकाळीच डॉक्टर सायलींनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, गोळी लागू पडत नाही, रोग वाढतोय, उद्यापासून बंद करू.

"लागू कशी पडंल? अर्धीच पोटात जाती! मी सांगतो त्यांना."

"नका. दोघींनाबी काढून टाकतील."

बोललं तरी गोळी जाणार, गप्प बसलं तरी जाणार.

तेवढ्यात सायली आल्याच. त्यांनी फाइल उघडली.

"मैनाताई, गोळी रोज घेतली ना?"

मैनाने मान खाली घातली. चंद्रभागा मात्र उठून बसली आणि तिने पदराची गाठ सोडली. गाठीत सगळे अर्धे तुकडे होते, काहींचा चुरा झालेला.

"बाई, हिनं अर्धीच खाल्ली. बाकीची ही हितं हाय."

"मावशी, तुम्ही खाल्ल्याच नाय?"

"तुझ्या वाटणीची मी कशी खाऊ? नको म्हटलं असतं, तर तूबी खाल्ली नसती."

सायलींनी ते तुकडे मोजले आणि आकडा फाइलमध्ये लिहिला.

"नियमात बसतं का ते वर विचारते," त्या शेवटी म्हणाल्या. "पण गोळी थांबवणार नाही. उद्यापासून माझ्यासमोर गिळायची. अख्खी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैनाच्या तळहातावर गोळी ठेवली आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. मैनाचा हात सवयीने पदराकडे गेला. तिने शेजारी पाहिलं. तिच्याने गोळी तोंडात टाकवेना.

"मला झोप येती गं," चंद्रभागा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.