रागाने वाटलेली साल्सा

मेक्सिकोतल्या आत्लिस्को गावच्या त्या घरात रविवारी डुकराचं मांस मंद आचेवर तळून झालं, की दोन साल्सा, म्हणजे तिखट चटण्या, लागत. एक लाल, टोमॅटो-कांदा-मिरची सुरीने बारीक चिरलेली. दुसरी हिरवी, टोमॅटिलो नावाची टोमॅटोसारखी आंबट हिरवी फळं कच्चीच दगडी खलात वाटलेली. लाल कुणीही करी. खलाला मात्र एदुविहेसबाईंशिवाय कुणाचा हात लागत नसे.

त्यांची सून लेओकादिया दूर मेरिदाची. तिच्या माहेरची साल्सा हबानेरो मिरची आणि आंबट संत्र्याच्या रसातली. तिकडे त्या साल्सेला 'कुत्र्याचं नाक' म्हणतात, कारण खाणाऱ्याचं नाक तसंच ओलं होतं. नवी नवरी असताना तिने ती हौसेने केली, तर सासूबाई हसून म्हणाल्या, "छान झालीय हो कोशिंबीर!" झालं. बिचारीच्या मनात तो सल राहिला तो राहिलाच. घरात कुणी तिला वाकडा शब्द बोलत नसे, पण पाहुणीला तरी कोण बोलतं?

त्या रविवारी सासूबाईंचं मनगट मुरगळलं. "अगं, आज तूच वाट," त्या म्हणाल्या. लेओकादिया हरखली. पण बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"मीठ-मिरची आधी. टोमॅटिलो मागून."

"हो, सासूबाई."

"गोल फिरव गं. साप मारतेयस का?"

"हो, सासूबाई."

"तुमच्याकडे काय, सगळं चिरायचं न् पिळायचं. वाटायची सवय कुठली!"

यावर लेओकादियाच्या हातातला बत्ता तेवढा गरागरा फिरला. आता चिरलेल्या साल्सेला माणसाचा राग कळत नाही, पण वाटलेलीत तो उतरतो, हे आत्लिस्कोतलं शेंबडं पोरही जाणतं.

जेवताना पहिल्याच घासाला धाकटा दीर अन्सेल्मो खोकत ओरडला, "वहिनी, कुणाचा एवढा राग आलाय?"

"मिरच्याच तिखट असतील," लेओकादियाचा नवरा क्रिस्पिन डोळे पुसत सारवासारव करू लागला.

"तू गप रे. मिरच्या मी निवडल्यात," एदुविहेसबाई म्हणाल्या. "कुणावर रागावलीस, सूनबाई?"

लेओकादियाने हातातला घास ताटात ठेवला. आत्ता गोड बोललं, तर जन्मभर गोडच बोलावं लागणार होतं.

"तुमच्यावर," ती म्हणाली. "आणि ती कोशिंबीर नव्हती."

क्रिस्पिनने घास तोंडातच धरला. बाईंनी मक्याच्या पोळीसारखी आणखी एक तोर्तिया घेतली, मांसावर ती साल्सा चांगली दोन चमचे घातली आणि खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"राहू द्या ना, सासूबाई," लेओकादिया घाबरून म्हणाली. "त्रास होईल."

"खाऊ दे गं." बाईंनी नाक ओढलं आणि वाडगा आपल्याकडे सरकवला. "तुझे सासरे गेल्यापासून या घरात माझ्यावर कुणी रागावलंच नव्हतं."