कोंढ्याची पत्रिका

आमच्या कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आमच्या कारकुनाने, खेमराजने, त्याच्यासमोर नारळ फोडला आणि अर्धं पाणी कीबोर्डात गेलं. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. माझे यजमान तेव्हा हयात होते. ते म्हणाले, "देवाले पाजलं असतं तं पावला तरी असता." पण कॉम्प्युटरसमोर बसायला त्यांनी खेमराजलाच सांगितलं, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. कॉम्प्युटरला चांगल्या अक्षराची गरज नसते, हे आम्हाला नंतर कळलं.

आमची कंपनी पवनीच्या बाहेर, कोशाच्या रेशमाच्या साड्यांची. यजमान गेल्यापासून मुलगा नीलेश सगळं पाहतो. आता सहा कॉम्प्युटर आहेत. तरुणपणी मी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काठांची नक्षी काढत असे. ते सगळे काठ आता त्या यंत्रांत आहेत. मी अजून रोज दुपारी ऑफिसात जाऊन बसते. कोणी काही म्हणत नाही.

यंदा लग्नसराईत ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर एक लग्नपत्रिका आली. नंबर अनोळखी होता. खेमराजने ती कॉम्प्युटरवर उघडली. आलेलं आवतण परत करायचं नसतं, एवढंच त्याला ठाऊक. आत नवरा नव्हता की नवरी नव्हती. पडदा काळा झाला आणि इंग्रजीत धमकी आली, तुमच्या सगळ्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. खेमराजने ती शब्द लावत दोनदा वाचली आणि मला म्हणाला, "वहिनी, लग्न कोनाचं आहे थेच नाई लिवलं."

नीलेशने नागपूरहून कामिनीला बोलावलं. पंचविशीतली मुलगी. कंपन्यांचे कॉम्प्युटर व्हायरसपासून राखणं हेच तिचं काम. नशीब असं की सगळ्या नक्ष्यांची एक प्रत नीलेशने वेगळी काढून कपाटात ठेवली होती. चार दिवसांत कामिनीने होतं तसं करून दिलं. मग सगळ्यांना समोर बसवून तिने नियम सांगितले. अनोळखी नंबरवरून आलेलं काही उघडायचं नाही. कॉम्प्युटर काही वेगळं करू लागला की आधी वायर काढायची, मग विचार करायचा. शिवाय ती स्वतःही अधूनमधून खोट्या पत्रिका पाठवणार होती, कोण फसतं ते पाहायला.

ते ऐकताना मला माझ्या माहेरचे, आसगावचे केवळराम आठवले. लग्नाचं आवतण द्यायला तेच दारोदार फिरत. खांद्याला पिवळ्या तांदळाची पिशवी. माझी आई उंबऱ्यातून विचारायची, लग्न कोणाकडचं, मुलाचा मामा कुठला, सोयरीक कोणी जमवली. सगळी उत्तरं बरोबर आली तरच ती पदर पुढे करून तांदूळ घेई. तोवर केवळराम उन्हात उभे. पाणीसुद्धा नंतरच. गावात साठ घरं होती आणि प्रत्येक घरात एक तरी आई होती, त्यामुळे आवतण संपेपर्यंत बिचाऱ्यांचा आवाज बसायचा. मी हे कामिनीला सांगितलं. ती हसली आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

नीलेशने खेमराजला बाजूला नेऊन बजावलं, काका, पुन्हा असं झालं तर तुम्ही गोदामात. खेमराजला ते फार लागलं. खुर्चीचं दुःख होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. त्याची रीता साकोलीला नर्स आहे. तिला नुकतेच कोंढा गावचे पाहुणे पाहून गेले होते. मुलगा प्रविण, स्वतःचं कृषी केंद्र, माणसं चांगली. रीताला तो आवडला होता. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख कळवतो म्हणून ते गेले होते. खेमराजने त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, मी ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो. त्याचा स्वतःचा फोन बटणांचा, म्हणून निरोपासाठी त्याने नंबरही ऑफिसचाच दिला होता. साक्षगंधाच्या आधीच मुलीचा बाप गोदामात दिसला असता तर बरं दिसलं नसतं.

कामिनीच्या खोट्या पत्रिका सुरू झाल्या. पहिली बारशाची होती, तिच्यात नीलेशच फसला. दुसरी महाप्रसादाची, तिच्यात तीन विणकर आणि मी. खेमराज मात्र एकदाही सापडला नाही. परका नंबर दिसला की तो ब्लॉक करी. नीलेशच्या मेहुण्याने नवा नंबर घेतला होता, त्यालाही केला. ऑफिस कमी पडलं म्हणून घरी जाऊन रीताच्या मोबाईलवर परक्यांचे फोन येणंच बंद करून टाकलं.

एका दुपारी तो हसतच माझ्याकडे आला.

"वहिनी, कामिनी मॅडमनं आज हद्द केली. साक्षगंधाची पत्रिका धाडली. त्याच्यात रीताचं नाव, कोंढ्याचं नाव, समदं. बापाचं काळीज कुठं हालते थे बरोबर पायलं पोरीनं."

"मंग?"

"मंग काय, ब्लॉक. मी का आता लहान आहो?"

मी त्याला शाबास म्हणाले. त्याने कामिनीलाही नागपूरला कळवलं, आणखी एक खोटी पत्रिका पकडली म्हणून. तिने न पाहताच अंगठा पाठवला.

त्यानंतर दिवस जाऊ लागले आणि कोंढ्याहून निरोप येईना. मध्यस्थ आनंदराव चारधामला गेलेले. खेमराज फाटकाकडे बघत बसे. रीता साकोलीहून घरी आली की आधी बापाच्या तोंडाकडे पाही, मग हातपाय धुवायला जाई. आपण होऊन विचारायचं तर मुलीकडच्यांना घाई झाली असं दिसतं, म्हणून तो विचारीना.

तिसऱ्या आठवड्यात मी भाचीच्या ओटीभरणाला आसगावला गेले. तिथे गोदावरीबाई भेटल्या, प्रविणची आजी. माझ्याशी बोलेनात. दोनदा विचारल्यावर म्हणाल्या, "तुमच्या खेमराजनं आमाले उंबऱ्यातूनच हाकललं. पत्रिका धाडली, उत्तर नाई. फोन केला, लागत नाई. पोरानं पोरीले फोन केला, थोही लागत नाई. नाई म्हनाचं होतं तं तोंडानं म्हनाचं. आता सानगडीची एक पोरगी पाहाले जाऊन राहिलो परवा."

म्हणजे ती पत्रिका खरी होती. केवळरामांची गोष्ट जगाला सांगणारी मी, त्या दुपारी एकही प्रश्न न विचारता शाबास म्हणून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खेमराजला घेऊन कोंढ्याला गेले. वाटेत तो एकच वाक्य म्हणत होता, मी पोरीचं लगन ब्लॉक केलं. गोदावरीबाई दारातच उभ्या होत्या. बाजूला झाल्या नाहीत.

"कोन तुमी?"

"मी खेमराज. रीताचा बाप."

"कशावरून? आजकाल कोनीबी कोनाचं नाव घेऊन येते म्हने."

मी घडलेलं सगळं सांगितलं. काळा पडदा, गोदाम, खोटं बारसं, काही ठेवलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पुन्हा खेमराजकडे वळल्या.

"आमी आलो थ्या दिवशी तुमच्या घरी भाजी कोनती होती?"

"वांग्याची," खेमराज म्हणाला. "अन् मीठ जास्त झालं होतं."

"आमी तं काई म्हनलो नाई."

"तुमी नाई म्हनले. पन समद्यायनं तीन-तीनदा पानी मांगतलं."

गोदावरीबाईंनी ओठ दाबून धरले, पण खांदे हलत होते. मग त्या दारातून बाजूला झाल्या आणि आत कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं. सानगडीला निरोप गेला, पाहुणे येत नाहीत.

साक्षगंधाची पत्रिका त्यांनी नव्याने पाठवायची ठरवली, त्याच नंबरवर. खेमराजने ब्लॉक आधीच काढला होता. त्या दिवशी कामिनी नागपूरहून आलेली होती. आपणही न पाहता अंगठा पाठवला याची तिला लाज वाटत होती. ऑफिसातले सगळे खेमराजच्या खुर्चीमागे जमले. पत्रिका आली तरी तो हात लावेना. आधी त्याने कोंढ्याला फोन लावला, पत्रिका तुम्हीच पाठवली का विचारलं, गोदावरीबाईंना त्यांच्या मोठ्या सुनेचं माहेर विचारलं, उत्तर वहीत लिहिलं. कामिनीने मान डोलावली. मग त्याने देवाचं नाव घेऊन पत्रिका उघडली.

पडद्यावर गणपती आला, फुलं पडायला लागली आणि अचानक ऑफिसभर सनई वाजू लागली. एवढ्या मोठ्याने, की दोन विणकर मागे सरले.

खेमराजने वाकून भिंतीतली वायरच उपटली.

तारीख आम्ही मग फोनवरच विचारून घेतली.