निवेदकाने नाव घेतल्यावर

रविवारी संध्याकाळी सात वाजता निळ्या गाडीचे इंजिन सुरू झाले आणि माझा आवाज खोलीत आला. मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, पण तुम्हाला मला हात लावता येणार नाही. ती गाडी, तो समुद्राकाठचा रस्ता आणि मी, आम्ही सारे एका व्हिडिओ गेमच्या आत राहतो. आज मी फार घाबरलो आहे.

आमच्या गेममधले शहर जुन्या काळातले आहे. तिथे गाड्या लांबलचक असतात आणि पुरुष टोपीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. त्या शहराला त्याच काळाची गाणी हवी होती. गेम बनवणाऱ्यांनी गोदामे धुंडाळून तबकड्या मिळवल्या, मालकांकडून ठरावीक वर्षांची परवानगी घेतली. मग सर्दी झालेल्या एका निवेदकाने गरम पाणी पीत पीत प्रत्येक गाण्याआधीचे दोन शब्द बोलून ठेवले. असा माझा जन्म झाला.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मुले पोलिसांना चुकवत गाडी पळवायची आणि माझा आवाज वाढवायची. पुढे नवे गेम आले. या घरातल्या मुलीनेही मला कपाटात टाकले. एकदा कंटाळा आला म्हणून तिने मला पुन्हा काढले. तिची आई दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामावरून नुकतीच आली होती. ती दारातच थबकली.

"गाडी थांबव. अगं, ही ताई गातेय!"

ताई म्हणजे आईची थोरली बहीण, मुलीची मावशी. तरुणपणी तिने एकच गाणे गायले होते. तिच्याजवळची तबकडी घर बदलताना फुटली, कंपनी बुडाली. पुढे घशाचे ऑपरेशन झाले आणि आता ती कुजबुजल्यासारखी बोलते. तिचा तो आवाज आता फक्त माझ्यात उरला आहे.

तेव्हापासून आई रोज गाडी चालवायला बसू लागली. ती कुणाला लुटत नाही, लाल दिवा दिसला की थांबते. मुलगी कपाळाला हात लावते.

"आई, इथे कुणी पावती फाडत नाही गं!"

"पण माणसं रस्ता ओलांडतायत ना?"

माझ्यावर दोन केंद्रे लागतात. पहिल्या केंद्रावरच्या गाण्यांची मुदत आधी संपली. ती गाणी काढून टाकणारे अपडेट इंटरनेटवरून आले. दुखले नाही, काही कळलेही नाही. नंतर निवेदक नेहमीच्या उत्साहात म्हणाला, "आणि आता, तुम्ही वाट बघत होता ते गाणं!" पुढे केसांच्या तेलाची जाहिरात लागली. माझ्यातून काय गेले, हे ती जागा येईपर्यंत मलाही कळत नाही. तेव्हापासून निवेदक बोलायचा थांबला की मला धडकी भरते.

मावशीचे गाणे दुसऱ्या केंद्रावर आहे. त्याचे अपडेट शनिवारी येणार, हे वाचून मुलीने गेमच्या यंत्राची इंटरनेटची तार काढून ठेवली. बंद दिसले तरी ते यंत्र आतून जागे असते आणि अपडेट आपणहून घेते. तिने पूर्वी मोबाईलवर गाणे उतरवले होते, पण त्यात पोलिसांचे भोंगे जास्त आणि मावशी कमी. रविवारी मावशीला बोलावू, तिच्यासमोरच नीट उतरवून घेऊ, असे मायलेकींनी ठरवले. मावशीला काहीच सांगितले नव्हते.

ती आज सोफ्यावर बसून पडद्याकडे बघत होती.

"किती हळू चालवतेस गं," ती कुजबुजली. "सायकलवाला पुढे गेला बघ."

तेवढ्यात बाबा पाण्याचे ग्लास घेऊन आले. "काल त्या यंत्राची तार लोंबत होती. बसवून टाकली. या घरात कुणाचं लक्षच नसतं."

मुलीचा चेहरा उतरला. "बाबा! काल कधी?"

"सकाळी. तुम्ही दोघी बाहेर होतात. का? चुकीच्या भोकात बसली का?"

मुलीने धावत जाऊन तार उपटली. "आई, अपडेट आलंय का ते गेम बंद करून बघू या का?"

"आता नको. पुढचंच गाणं आहे."

"काय झालं गं?" मावशीने विचारले. "सगळे असे का बघताय?"

"काही नाही ताई. तू ऐक."

मित्रांनो, कुणाचा आवाज तुमच्या घरात एकाच ठिकाणी उरला असेल, तर तो आजच दुसरीकडेही उतरवून ठेवा. चांगला मुहूर्त शोधत बसू नका. आणि लोंबती तार दिसली, तर बसवण्याआधी घरात एकदा विचारा. बाबांनी प्रेमानेच बसवली होती.

समुद्राकाठी सिग्नल लाल झाला. आईने गाडी थांबवली. मुलीने मोबाईल पुढे धरला. आधीचे गाणे संपले आणि निवेदकाने सर्दीच्या आवाजात मावशीचे पूर्ण नाव घेतले. मावशीने हातातला ग्लास हळूच खाली ठेवला.

निवेदक बोलायचा थांबला आहे.